चोवीस पुठ्ठे

मे महिन्यात भर दुपारी आमच्या विडी घरकुलात
कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.
पत्रा तापून टकटक वाजतो
आणि लास्या फरशीवर पाणी शिंपडून, पुसून
चोवीस पत्ते पालथे मांडते.
चार रांगा, सहा-सहा.
एक रांग वाकडी झाली की सगळं परत.

पत्ते मी केलेत.
दुकानातला डबा दोनशे ऐंशीचा, आणि त्यात पेंग्विन.
माळ्यावर जेकार्डचे पुठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले.
कारखाना भंगारात निघाला तेव्हा मालकानं विचारलं,
अंबादास, तुला काय पाहिजे?
लोकांनी चादरी नेल्या.
मी चादरीवरचा मोर मागून आणला.
तसा बघितला तर मोर दिसत नाही त्यात,
नुसती भोकं.
भोक असेल तिथं दोरा वर, नसेल तिथं खाली.
तीस वर्षं तेच ठोकत बसलो.
राजमणी म्हणायची, तुमचं काम म्हणजे उंदराचं.

त्यातले थोडे कापले, एका बाजूनं चित्रं चिकटवली.
काडेपेटीवरचा कोंबडा,
विडीबंडलाचं लेबल (राजमणीच्या सुपाखाली अजून गठ्ठा आहे),
चटणीच्या पुडीवरची शेंग, टॉवेलचा छाप,
आणि अक्कलकोटच्या यष्टीची दोन तिकिटं.
लास्या म्हणाली, ही जोडी नाही, आकडे वेगळे आहेत.
मी म्हटलं, एक जातानाचं, एक येतानाचं.
चालवून घे.
तिनं घेतलं.

पहिले पंधरा दिवस मी मुद्दाम हरायचो.
त्याला कष्ट पडतात.
पाठीवरची भोकं मला वाचता येतात,
पालथा पत्ता माझ्यासाठी उघडाच असतो:
हा पिसाऱ्याच्या कडेचा, हा चोचीजवळचा,
ह्यात माझाच हात चुकलेला.
म्हणून पाळी आली की मी पत्र्याकडे बघायचो
आणि आंधळ्यासारखा हात टाकायचो.
"ताता, वर काय बघालास? खाली बघ की."

तिचं मात्र एकामागून एक.
शेंग, शेंग. कोंबडा, कोंबडा.
अकरा जोड्या तिच्या, माझी एक,
तीही उपकाराची.
मी गल्लीभर सांगून आलो,
चहावाल्या इरण्णाला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला,
शिलाईवरून रात्री आठला आलेल्या तिच्या आईला,
पाचवं लागलं नाही अजून, आणि डोकं बघा पोरीचं.

परवा तिच्या बोटाकडे लक्ष गेलं.
पत्ता उलटण्याआधी ते पाठीवरून फिरत होतं, हळूच,
दोन भोकं, जागा सोडून एक, परत दोन.
ओठ हलत होते.
माझे हलायचे, नवीन कामाला लागलो तेव्हा.
मी काही बोललो नाही.
तीच मान वर करून म्हणाली,
"माझ्या लक्षात राहतंय बे सगळं."
मी म्हटलं, दिसतंय की.

रात्री पडल्या पडल्या हिशेब केला.
चोरी म्हणावी तर
चोवीस पुठ्ठे पाठ आहेत तिचे.
मला पहिले बारा पाठ व्हायला
उस्तादाच्या चापट्या खाव्या लागल्या होत्या.

काल मी पत्र्याकडे बघितलं नाही.
डाव सहा-सहा झाला.
ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.
"ताता, तू चीटिंग करालास?"

तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, पाणी आलं,
पाचव्या दिवशी, तेही अवेळी.
घागरी, बादल्या, पिंप, कुकरचं भांडंसुद्धा भरून
धापा टाकत घरात आलो
तर पत्ते तसेच मांडलेले, एक सोडून.
तो तिनं खिडकीत उन्हात धरला होता
आणि ओल्या फरशीवर उजेडाचे ठिपके पडले होते,
दोन, एक, दोन.
"हे काय आहे?"
मोर आहे, म्हटलं. त्याचा जरासा तुकडा.
"आणि बाकीचा?"
मी माळ्याकडे बोट केलं.
ती शिडी शोधायला गेली.